‘मी पहिल्यापासून अशीच आहे’: कोचिंगमध्ये माणसाची स्वतःची गोष्ट कशी वापरावी

मराठीत ‘कोचिंग’ म्हटले की दहावी-बारावीचे किंवा स्पर्धा परीक्षांचे क्लास डोळ्यांसमोर येतात. या लेखात तो अर्थ अभिप्रेत नाही. एखादी व्यक्ती आपल्या कामातला किंवा आयुष्यातला पेच घेऊन काही महिने एका प्रशिक्षित व्यक्तीशी ठरावीक अंतराने बोलते आणि त्या बोलण्यातून आपला निर्णय आपणच घेते, त्या कोचिंगविषयी हे लेखन आहे. ते प्रामुख्याने कोचसाठी असले, तरी हाताखाली माणसे असलेल्या कोणत्याही अधिकाऱ्याला किंवा शिक्षकाला यातला बराचसा भाग उपयोगी पडावा.

विवेचन हवेत राहू नये म्हणून एक कल्पित व्यक्ती घेऊ. जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यात मराठी माध्यमात शिकलेली, पुढे वसतिगृहात राहून पदवी घेतलेली आणि पुण्यात हिंजवडीतल्या एका कंपनीत अकरा वर्षे काम केलेली ही बाई आहे. तिला आता बारा जणांच्या गटाची जबाबदारी देऊ केली आहे आणि ती नको म्हणते आहे. कारण विचारले तर ती म्हणते, “मी पहिल्यापासून मागे राहणारीच आहे. पुढे होऊन बोलणं माझ्या स्वभावातच नाही.” कौशल्याचा प्रश्न येथे दिसत नाही, कारण ते काम ती दोन वर्षे प्रत्यक्षात करते आहे. अडचण आहे ती तिने स्वतःविषयी मनात धरलेल्या गोष्टीत.

माणूस स्वतःकडे ज्या नजरेने पाहतो, ती नजर त्याच्या आयुष्यातल्या सगळ्या प्रसंगांवर उभी नसते. हजारो प्रसंगांतले दहा-पंधरा निवडले जातात, त्यांची एक माळ होते आणि बाकीचे प्रसंग घडूनही हिशेबात धरले जात नाहीत. घडलेले बदलता येत नाही, पण निवड मात्र बदलता येते. कोचने नवी, चांगली गोष्ट रचून देणे हे त्याचे काम नव्हे. वगळले गेलेले प्रसंग त्या व्यक्तीच्याच तोंडून परत हिशेबात आणणे हे त्याचे काम आहे. या दोहोंतला फरक न कळल्यामुळेच बहुतेक चुका होतात, असे माझे मत आहे.

आधी गोष्ट ऐकावी, तीही व्याकरणासकट

पहिल्या भेटीत निदान वीस मिनिटे मध्ये न बोलता ऐकावे. “तुमच्याबद्दल सांगा” असा मोघम प्रश्न विचारला तर मुलाखतीतले ठरीव उत्तर मिळते. त्यापेक्षा “आपण मागे राहणाऱ्या आहोत, हे तुम्हाला पहिल्यांदा केव्हा जाणवलं? त्या दिवशी काय झालं होतं?” असे विचारावे. उत्तरात जागा, माणसे आणि बोललेले शब्द आले, म्हणजे प्रसंग आला असे समजावे. “मी लहानपणी फार अबोल होते” हा प्रसंग नव्हे, तो निष्कर्ष आहे. “पाचवीत गॅदरिंगला माझं नाव पुकारलं आणि मी पडद्यामागेच उभी राहिले” हा प्रसंग आहे.

ऐकताना क्रियापदांकडे लक्ष द्यावे, कारण मराठी या बाबतीत फार बोलकी आहे. आपल्याकडे नोकरी ‘लागते’, नंबर ‘लागतो’, बढती ‘मिळते’ आणि अवघड काम ‘होऊन जाते’. तेच अपयश सांगताना मात्र वाक्यात चटकन ‘मी’ येतो: मी चुकले, मी घोळ घातला, मी बोललेच नाही. बरे झाले ते आपोआप आणि वाईट झाले ते माझ्यामुळे, असा हिशेब सांगणाऱ्याच्याही नकळत मांडला जातो. त्यात स्वतःची टिमकी वाजवू नये हा घरातला संस्कार असतोच, त्यामुळे तिने नम्रता म्हणून लावलेले क्रियापद कोचने पुरावा म्हणून धरू नये. ऐकताना एका कागदाच्या दोन बाजूंवर ‘मी केले’ आणि ‘झाले’ अशी वाक्ये तिच्याच शब्दांत टिपून ठेवावीत. हा कागद पुढे कामास येतो.

दुसरी खूण म्हणजे ‘पहिल्यापासून’ हा शब्द आणि त्याच्या जोडीला येणारा ‘च’: अशीच, स्वभावातच, कधीच. ‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण या ठिकाणी हमखास येते. असा शब्द आला की तो प्रथम कोणी वापरला, हे शांतपणे विचारावे. बहुतेक वेळा उत्तर घरातच सापडते. “आमची धाकटी म्हणजे मुखदुर्बळ” असे आत्याने पाहुण्यांसमोर चार वेळा म्हटलेले असते आणि मुलीने ते वर्णन आयुष्यभर स्वतःचे म्हणून वागवलेले असते. आत्याला दोष देण्याचे कारण नाही. या गोष्टीचे काही लेखन दुसऱ्याच्या हातचे आहे, एवढे त्या बाईच्या लक्षात आले तरी पुष्कळ होते.

तिसरी खूण म्हणजे प्रसंगांचा उतार, म्हणजे ते कोणत्या शेवटाकडे कलतात. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डॅन मॅकॅडम्स यांनी लोकांच्या जीवनकथांचा अनेक वर्षे अभ्यास करताना दोन घडणी वेगळ्या काढल्या. एकीत वाइटातून चांगले निघते. दुसरीत चांगले चाललेले असताना दुधात मिठाचा खडा पडावा तसे सगळे नासते. आपल्यासमोरची व्यक्ती प्रत्येक आनंदाचा प्रसंग मिठाच्या खड्यापाशीच संपवते का, हे पाहावे. मात्र म्हणून तिला पहिल्या घडणीत ढकलू नये. संकटावर मात करून उजळून निघालेल्या माणसाची कथा खास अमेरिकी मनाला भावणारी आहे, हे मॅकॅडम्स यांनीच आपल्या अभ्यासात दाखवले आहे. आपल्याकडच्या वर्तमानपत्री यशोगाथांनीही तोच साचा उचलला आहे. प्रत्येक दुःखाचा काही ना काही फायदा झालाच पाहिजे, हा आग्रह ऐकणाऱ्याला बरा वाटतो, पण सांगणाऱ्याला एकटे पाडतो.

स्वभावाला नाव द्यावे आणि तो समोर ठेवावा

ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचे मायकेल व्हाइट आणि न्यूझीलंडचे डेव्हिड एप्स्टन या दोन उपचारकांनी 1980 च्या दशकात कथनाधारित उपचाराची पद्धत घडवली. माणूस म्हणजे समस्या नव्हे, समस्या ही वेगळी वस्तू आहे, हे तिचे मूळ सूत्र. कपड्यांत शी होणाऱ्या लहान मुलांसोबत काम करताना व्हाइट त्या शीलाच लबाड पात्राचे नाव देत आणि मग मूल आणि आईबाप मिळून त्या पात्राला कसे चकवतात, ते विचारत. तोपर्यंत एकमेकांवर चिडलेले कुटुंब एका बाजूला येई.

मोठ्या माणसांसाठी नाव शोधायला मराठीत फार लांब जावे लागत नाही. वरच्या उदाहरणातल्या बाईने बोलता बोलता ‘मला भीड पडते’ असे म्हटले, तर तोच शब्द धरावा. कोचने आत्मविश्वासाचा अभाव वगैरे पुस्तकी शब्द त्यावर लादू नयेत. भीड ‘पडते’, भीड ‘चेपते’, म्हणजे ती बाहेरून येते आणि कमी-जास्त होते, हे भाषेनेच मान्य केले आहे. मग प्रश्न सरळ होतात. भीड कोणासमोर जास्त पडते? कोणासमोर अजिबात पडत नाही? कोणत्या वाराच्या मीटिंगला ती आधीच येऊन बसलेली असते? तिने आजवर तुमचे काय नुकसान केले, आणि कधी काही वाचवलेही का? हा शेवटचा प्रश्न गाळू नये. गावाहून आलेल्या मुलीला नव्या शहरात भिडेने कित्येकदा सांभाळलेले असते, आणि त्याची दखल न घेता भिडेला एकदम शत्रू ठरवले, तर ती व्यक्ती मनातून भिडेचीच बाजू घेते.

वगळलेला प्रसंग शोधावा आणि तिथे रेंगाळावे

या कामाचा गाभा येथे आहे आणि सर्वाधिक वेळही येथेच द्यावा. जुन्या गोष्टीत न बसणारा एखादा प्रसंग बोलण्यात ओझरता येऊन जातो. तो बहुधा ‘ते काय हो’, ‘तेव्हाचं वेगळं होतं’ किंवा ‘सगळ्यांनीच केलं’ अशा शब्दांच्या आडोशाने येतो. कोचचे कान तयार हवेत ते या शब्दांसाठी.

समजा, ही बाई वसतिगृहाबद्दल सांगताना म्हणाली, “पाण्याची टाकी वर्षभर धुतली नव्हती, मग आम्ही रेक्टरकडे अर्ज दिला, सगळ्या मुलींच्या सह्या होत्या.” आणि लगेच पुढच्या विषयाकडे वळली. येथे तिला थांबवावे, पण “बघा, तुमच्यात नेतृत्व आहेच!” असे उद्गार काढू नयेत. अशी शाबासकी दिली की प्रसंग तिथेच मिटतो, कारण शाबासकी नाकारणे तिला चांगले जमते. त्याऐवजी अगदी बारीकसारीक, कोरडे प्रश्न विचारावेत. अर्ज लिहायचे कोणाच्या मनात आले? कागद कोणाच्या वहीतला होता? मजकूर कोणाच्या अक्षरात होता? पहिली सही कोणाची? सही करायला कोण तयार नव्हते आणि तिच्याशी कोण बोलले? रेक्टरच्या खोलीचे दार कोणी वाजवले, आणि दार उघडल्यावर पहिले वाक्य कोण बोलले?

या प्रश्नांची उत्तरे देता देता ‘सगळ्यांनी’ हा शब्द हळूहळू विरत जातो. कागद तिच्या वहीतला असतो, अक्षर तिचे असते, पहिली सही करायला कोणी धजत नव्हते म्हणून तीही तिनेच केलेली असते. कदाचित दार मैत्रिणीने वाजवलेले असेल. तसे असेल तर तसेच राहू द्यावे. या कामात खरेपणाला अतोनात महत्त्व आहे. एक तपशील फुगवला तर पूर्ण प्रसंगावरचा तिचा विश्वास उडतो, आणि तो उडायलाच हवा.

त्यानंतर तिला हाच प्रसंग पुन्हा, पण या वेळी जिथे जिथे तिने काही केले तिथे तिथे ‘मी’ म्हणून सांगायला सांगावे. ‘अर्ज दिला गेला’ याच्या जागी ‘मी अर्ज लिहिला’. हे ऐकायला पोरखेळ वाटते, पण दुसऱ्यांदा सांगताना बहुतेकांचा आवाज बदलतो. काही जण मध्येच हसतात, काही अवघडतात. अवघडलेपणा आला तर घाई करू नये, “हे असं म्हणताना कसं वाटतंय?” एवढे विचारून गप्प बसावे.

एका प्रसंगाने गोष्ट बदलत नाही. तो अपवाद ठरवून बाजूला ठेवणे जुन्या गोष्टीला सहज जमते. म्हणून त्याच जातीचा आणखी एखादा प्रसंग, शक्यतो वेगळ्या वयातला आणि वेगळ्या ठिकाणचा, शोधावा. “पहिली सही करणारी ती मुलगी त्याच्या आधी कुठे दिसली होती? कंपनीत आल्यावर कुठे दिसली?” असे विचारता येते. कदाचित सातवीत धाकट्या भावाला मारणाऱ्या मुलाच्या घरी ती एकटी गेलेली असेल. कदाचित मागच्याच वर्षी क्लायंटच्या चुकीच्या मागणीला नाही म्हणणारा ई-मेल तिने लिहिलेला असेल. असे तीन-चार प्रसंग काळाच्या क्रमाने लागले की दुसरी माळ होते. सुरुवातीला टिपलेला दोन बाजूंचा कागद या वेळी तिच्यासमोर ठेवावा आणि दुसऱ्या बाजूची कोणती वाक्ये पहिल्या बाजूला न्यावीशी वाटतात, ते तिचे तिलाच ठरवू द्यावे.

स्वतःविषयी चांगले सांगायला जी व्यक्ती अजिबात तयार नसते, तिच्यासाठी एक आडवाट आहे. “रेक्टरकडे अर्ज तुम्ही नेलात हे ऐकून कोणाला मुळीच आश्चर्य वाटलं नसतं?” असा प्रश्न विचारावा. उत्तर बहुधा एखाद्या आजीचे, शिक्षिकेचे किंवा शेजारच्या काकूंचे येते. मग “त्यांनी तुमच्यात काय पाहिलं होतं?” असे विचारले, की टिमकी वाजवल्याचा डाग न लागता उत्तर देता येते.

कोचची स्वतःची गोष्ट

आता नाजूक विषय. कोचने स्वतःचा अनुभव सांगावा का? सांगावा, पण क्वचित, परवानगी घेऊन आणि दोन मिनिटांच्या आत. आपल्याकडे गोष्ट ऐकण्याची सवय कीर्तनाने घडवलेली आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण होते आणि उत्तररंगात त्याला आधार देणारे आख्यान येते. त्यामुळे ‘सर’ किंवा ‘मॅडम’ म्हटलेल्या माणसाने गोष्ट सांगायला घेतली, की ऐकणारा त्यातला उपदेश आपसूक शोधू लागतो आणि स्वतःची गोष्ट बाजूला ठेवतो.

म्हणून आपण जिंकलो तो प्रसंग न सांगता, आपण मध्येच अडकलो होतो तो प्रसंग सांगावा आणि निकाल लावण्याआधीच थांबावे. “पहिल्या प्रशिक्षणवर्गात मी प्रश्नांच्या भीतीने वेळ संपेपर्यंत बोलत राहिलो होतो. तुमच्या मीटिंगमधली भीड यासारखी आहे की वेगळी?” येथे गोष्ट संपली आणि चेंडू परत तिच्याकडे गेला. ‘वेगळी’ असे उत्तर आले तरी काम झाले, कारण वेगळेपण सांगताना ती आपल्याच गोष्टीत खोल जाते. ज्या अनुभवावर अजून खपली धरलेली नाही, तो मात्र समोरच्याच्या वेळात आणि त्याच्या पैशात उलगडू नये. आणि “मीही अगदी तुमच्यासारखाच होतो” हे वाक्य कायमचे टाळावे. ते बहुतेक वेळा खरे नसते.

ऐकायला कोणीतरी हवे

नवी गोष्ट कोचच्या खोलीतच राहिली तर ती टिकत नाही. बार्बरा मायरहॉफ या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने कॅलिफोर्नियातल्या व्हेनिस येथील वृद्ध ज्यू स्त्री-पुरुषांचा अभ्यास करताना पाहिले, की जगाने दुर्लक्षिलेली ही माणसे आपण कोण आहोत हे दाखवण्याचे प्रसंग मुद्दाम घडवून आणतात. त्यावरून मायकेल व्हाइट यांनी साक्षीदारांची रीत घेतली. त्या व्यक्तीच्या संमतीने, तिनेच निवडलेला एखादा माणूस बोलावावा. आपल्या उदाहरणात ती वसतिगृहातली मैत्रीण फोनवरूनही चालेल. बाईने प्रसंग सांगावा, साक्षीदाराने मध्ये न बोलता ऐकावे आणि मग फक्त चार गोष्टी सांगाव्यात: कोणते शब्द मनात राहिले, त्यातून कोणते चित्र उभे राहिले, स्वतःच्या आयुष्यातली कोणती तार छेडली गेली, आणि हे ऐकून स्वतः कोठून कोठे पोहोचलो. सल्ला आणि कौतुक दोन्ही बंद. आपल्या लोकांना हे फार जड जाते, म्हणून आधी पाच मिनिटे समजावून सांगावे लागते.

दुसरा मार्ग नवख्या माणसाला गोष्ट सांगण्याचा. स्टॅनफर्ड विद्यापीठातले ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना वरच्या वर्गांतल्या मुलांचे अनुभव वाचायला दिले: आपण इथले नाही ही शंका सुरुवातीला सगळ्यांनाच असते आणि काळाबरोबर ती ओसरते. मग त्यांनी त्यावर स्वतःच्या अनुभवाचा निबंध लिहिला आणि पुढल्या वर्षी येणाऱ्या मुलांसाठी तो कॅमेऱ्यासमोर वाचला. सगळा मिळून साधारण तासाभराचा कार्यक्रम. त्यातल्या आफ्रिकी-अमेरिकी विद्यार्थ्यांचे गुण पुढची तीन वर्षे तुलनेच्या गटापेक्षा चढते राहिले. आपल्या कामासाठी यातून घ्यायचे ते असे: नव्याने रुजू झालेल्या, मराठी माध्यमातून आलेल्या एखाद्या मुलीला या बाईने आपली पहिली दोन वर्षे सांगावीत. मदत करताना माणूस स्वतःची गोष्ट अधिक नेटकी आणि अधिक न्यायाने सांगतो.

कोठे थांबावे

आठवण काढली की मन हलके होतेच, असे नाही. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांच्या 1986 मधल्या प्रसिद्ध अभ्यासात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आघाताच्या अनुभवाविषयी लिहिले. पुढच्या महिन्यांत त्यांच्या आरोग्यकेंद्राच्या फेऱ्या कमी झाल्या, पण लिहिल्यावर लगेच त्यांची मनःस्थिती अधिक खिन्न झालेली होती. त्यामुळे भेटीच्या शेवटच्या दहा मिनिटांत जड प्रसंग उघडू नये. अत्याचार, आत्महत्येचे विचार, आठवणींनी उडालेली झोप असे काही दिसले, तर कोचिंग तिथेच थांबवून मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलते. कंपनी फी भरत असेल, तर येथे सांगितलेले प्रसंग मनुष्यबळ विभागाकडे जाणार नाहीत, हे पहिल्याच भेटीत लेखी ठरवून घ्यावे. मुळात जिथे वरिष्ठ खरोखरच अपमान करत असेल किंवा जातीवरून टोमणे मारले जात असतील, तिथे त्या व्यक्तीला स्वतःची गोष्ट बदलायला सांगणे हा अन्याय आहे. तिथे तक्रारीची वाट दाखवावी.

पत्र

शेवटच्या भेटीनंतर आठवडाभरात तिला एक पत्र लिहावे. व्हाइट आणि एप्स्टन यांच्या पद्धतीत पत्रांना फार मोठे स्थान आहे. पत्र एका पानाचे असावे आणि त्यात तिने सांगितलेले तीन-चार प्रसंग, तिच्याच क्रियापदांसह, तारखा किंवा इयत्ता घालून उतरवावेत. विशेषणे शक्य तितकी गाळावीत. ‘धाडसी’ असे लिहिण्यापेक्षा ‘पहिली सही तुमची होती’ असे लिहावे. भीड पुन्हा पडली तर काय, हा प्रश्न त्यात मोकळेपणाने यावा, कारण ती पडणारच आहे, विशेषतः नव्या गटाच्या पहिल्या मीटिंगला. शेवटी ज्याचे उत्तर अजून मिळाले नाही, असा एखादा प्रश्न ठेवावा: “दार वाजवणाऱ्या मैत्रिणीला तुम्ही बरोबर कसे नेलेत, हे आपले बोलायचे राहिले.” असे पत्र व्हॉट्सॲपवर पाठवू नये, ते दोन दिवसांत वर सरकून दिसेनासे होते, कागदावर, पाकिटात घालून द्यावे, म्हणजे ते टेबलाच्या खणात राहते आणि मीटिंगच्या सकाळी हाताला लागते.